पाचव्या जागी पाणी

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. ते रागावले की समोरच्याला मान द्यायचे. खुशीत असले म्हणजे सगळ्यांना अरे-तुरे, त्यात कंपनीचे मालकही आले. जरा बिनसलं की "तुम्ही". "आपण" ऐकू आलं की शहाण्या माणसानं खाली टपरीवर निघून जावं. आणि एकदा "हुजूर" निघालं की संपलंच. निजामाच्या दरबारातसुद्धा इतक्या अदबीनं कुणाची अब्रू गेली नसेल.

मला "हुजूर" नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लाभलं. कारण माझी स्कूटर. ती आणि शेजारची मोटरसायकल यांच्यामध्ये एक माणूस आडवा शिरेल एवढी फट मी सोडली होती. हे गृहस्थ जिन्यावरून उतरले, फटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हुजूर, ही मधली जागा आपल्या वडिलांना जहागिरीत मिळाली आहे काय?"

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "नाही."

"मग सोडली कुणाच्या जिवावर?"

असं म्हणून त्यांनी स्वतः माझ्या स्कूटरचं मागचं चाक उचललं आणि ती मोटरसायकलला अशी चिकटवली की माझा एक आरसा कायमचा आकाशाकडं बघायला लागला. संध्याकाळी गाडी काढताना मला चार गाड्या हलवाव्या लागल्या. ते गच्चीवरून बघत होते, आणि चेहऱ्यावर समाधान काय होतं म्हणता.

मोकळी जागा या माणसाला सहनच व्हायची नाही. डब्यात भाकरी घडी घालून बसवायची, घडीत ठेचा, कोपऱ्यात कांदा, आणि कांद्याच्या वर उरलेल्या सांदीत गूळ. डबा उघडायला दोन माणसं लागायची. घरी तर कहर. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, म्हणून त्यांनी मोरीत भांडी रचून ठेवली होती. पिंप, पिंपावर घागर, घागरीच्या बगलेत कळशी, कळशीच्या कुशीत तांब्या. एकदा मी गेलो आणि पाणी मागितलं. वहिनी आतून म्हणाल्या, "थांबा भावजी, तांब्या पाहिजे तर आधी घागर उतरवावी लागंल. यांनी ठेवलंय लई छान. काढायचं कसं, ते तेवढं इचारू नका."

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि ते चारी बाजूंनी उधळलं होतं. मुकुंदवाडीच्या पुढं काल ज्वारी होती तिथं आज कमान उभी राहायची. कमानीवर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र, आणि कमानीखाली टँकरची वाट बघणारे निळे ड्रम. मला त्या चित्रांचा राग यायचा. आजही येतो. पाऊस पडत नव्हता हे मी समजू शकतो, पाऊस काही कुणाचा नोकर नाही. पण पाण्याचं चित्र दाखवून घर विकणाऱ्याला मी आजतागायत माफ केलेलं नाही.

आमची कंपनी या सगळ्याच्या मधोमध बसली होती. वसाहतींच्या पाण्याच्या टाक्यांवर जे पंप असतात, ते आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा आम्ही पुरवायचो. टाकी भरली की पंप बंद, उतरली की चालू. पॅनेल, म्हणजे पंप चालवणारी विजेची पेटी, जोडायचे बाहेरचे कारागीर. त्यांना आम्ही एक लायब्ररी द्यायचो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा गठ्ठा. कारागिरानं तो आपल्या प्रोग्रामला जोडायचा आणि पाण्याची पातळी, पंपाची अवस्था वगैरे त्यातून घ्यायची. हा सगळा गठ्ठा आमच्या या गृहस्थांनी एकहाती लिहिला होता, आणि डब्यात भाकरी बसवावी तसा बसवला होता. ज्या काळात लिहिला त्या काळात चिपमध्ये मेमरी चिमूटभर असायची, त्यामुळं त्यांचं कौतुकही झालं होतं.

मग नवी चिप आली आणि भांडण लागलं.

भांडण काय होतं ते मी टँकरच्या भाषेत सांगतो, कारण त्या वर्षांत आम्हाला दुसरी भाषा सुचत नव्हती. मेमरी म्हणजे रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडलेले ड्रम समजा. चिप म्हणजे टँकरवाला. तो प्रत्येक ड्रमापाशी थांबत नाही, त्याचे थांबे ठरलेले. दर चार ड्रमांना एक थांबा, आणि मोजणी शून्यापासून: शून्य, चार, आठ. आता कुणाचा ऐवज थांब्यापासून नीट सुरू न होता मध्येच कुठंतरी पडला, तर जुना टँकरवाला कुरकुर करत दोनदा थांबायचा. नवा टँकरवाला गाडी बंद करून किल्ली खिशात टाकायचा. पॅनेल जागच्या जागी गार. उपाय सोपा. मध्ये काही ड्रम रिकामे सोडायचे, म्हणजे प्रत्येकाचा ऐवज थांब्यापासून सुरू होईल. याला म्हणतात अलाइनमेंट. आमच्या लायब्ररीत पाण्याची पातळी पाचव्या जागी होती. ती आठव्या जागी न्यायची आणि मधल्या तीन जागा रिकाम्या ठेवायच्या. बास, इतकंच.

हे सुचवलं आमच्या नव्या मॅनेजर मॅडमनी. मूळच्या सिल्लोडच्या, बंगळुरूला काही वर्षं काढून परत आलेल्या, आणि भीड नावाची वस्तू तिकडंच विसरून आलेल्या. मीटिंग त्यांनीच बोलावली.

"सर, नवी चिप चालावी म्हणून तुम्ही एकेक जागा सुटी वाचून मग जोडता. त्यात वेळ जातो. पंप बंद करायचा हुकूम उशिरा पोचतो."

"पोचतो ना?"

"उद्या एकाच पॅनेलवर सहा टाक्या आल्या तर नाही पोचायचा. मला फक्त तीन जागा रिकाम्या हव्यात."

झालं. गृहस्थ उभे राहिले. सगळ्या खोलीला कळलं काय येतंय ते.

"हुजूर, हंड्यासाठी इथं डोकी फुटायला लागलीत, आणि आपण रिकामी भांडी मांडायला सांगता?"

मॅडम बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर, ही मेमरी आहे. इथं दुष्काळ नाहीये."

मी तोंडावर रुमाल धरला. मालकांनी छताकडं पाहिलं. नव्या चिपमध्ये तुमची लायब्ररी शंभरदा मावेल, असंही मॅडमनी पुढं सांगितलं, पण ते ऐकायला गृहस्थ खोलीत नव्हते.

ते मला टपरीवर सापडले. मी त्यांना खुलवायला म्हणालो, "तीन जागांसाठी एवढं काय?"

"जागा गेल्या खड्ड्यात," ते म्हणाले. "जागेचं मी रडून घेईन. जबान दिलीय, तिचं काय?"

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. लायब्ररी वापरायची रीत अशी की कारागिरानं तिला विचारायचं: पातळी किती? ती शोधून उत्तर देते. मग पातळी पाचव्या जागी असो की पन्नासाव्या, विचारणाऱ्याला फरक पडत नाही. पण आमचे कारागीर बिचारे मोटारी गुंडाळता गुंडाळता प्रोग्राम लिहायला शिकलेले. विचारायचं कसं हे त्यांना जमेना. ते फोन करायचे. आणि हा माणूस, जो स्कूटरच्या फटीसाठी माझ्या सात पिढ्यांची जहागीर काढायचा, तो फोनवर विरघळायचा. "विचारत बसू नको रे. सरळ पाचव्या जागेवर हात घाल, तिथं पाणी सापडंल. ती जागा जन्मात हलणार नाही, माझा शब्द." वर्षानुवर्षं असे शब्द वाटलेले. पैठण रोडपासून जालन्यापर्यंत कुणी विचारतच नव्हतं, सगळे मोजून हात घालत होते. कुणाकुणाला सांगितलं, याचा हिशेब त्यांच्याकडंही नव्हता.

"मॅडमना हे सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं. त्या म्हणतात, आधी सगळ्यांना विचारायला शिकवा, मग बदलू. म्हणजे मी दारोदार जाऊन सांगू, की बाबांनो, मी बोललो ते विसरा?"

दोघंही बरोबर होते, आणि दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. आणि तेवढ्यात मालकांना घाई झाली.

मालकांना एका नव्या वसाहतीचं काम मिळालं होतं, मुकुंदवाडीच्या पलीकडं. पॅनेल जोडणारा चितेगावचा एक कारागीर. नव्या चिपवर पंप उशिरा बंद होतो म्हटल्यावर मालकांनी मॅडमच्या टेबलावरची, तीन जागा रिकाम्या सोडलेली, अर्धवट तपासलेली नवी लायब्ररी उचलली आणि परस्पर त्याला पाठवून दिली. निरोप काय, तर "फक्त फाइल बदल, बाकी हात लावू नको." त्यानं फाइल बदलली. बाकी हात लावला नाही. त्याचा प्रोग्राम एकेक जागा सुटी वाचत, इमानानं पाचव्या जागी हात घालत राहिला. पाचवी जागा आता रिकामी होती, आणि रिकाम्या जागी शून्य असतं. पॅनेलला कळलं ते इतकंच, की टाकीत पाणी शून्य. त्यानं पंप चालू केला आणि चालूच ठेवला.

मी आणि हे गृहस्थ पोचलो तेव्हा सकाळचं ऊन चढलेलं होतं. टाकी वरून चारी अंगांनी वाहत होती. खालच्या हौदात टँकरनं आणून ओतलेलं आठवड्याचं पाणी पंपानं वर नेलं होतं आणि टाकीनं रस्त्यावर सोडलं होतं. पोरंटोरं आधी नाचली म्हणे, बायांनी हसत हसत हंडे लावले. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की हे आपलंच पाणी आहे. तेव्हा आवाज बदलला. हौद आटला तसा पंप कोरडा फिरून जळला, आणि मगच पाणी थांबलं.

मालकांनी गाडीच्या काचेतून सांगितलं, "तांत्रिक अडचण आहे." मला या दोन शब्दांचा जितका राग आहे तितका जगात कशाचाच नाही. पोट बिघडलं तर माणूस पोट बिघडलं म्हणतो. स्वतःच्या घाईनं शे-दोनशे घरांचं पाणी रस्त्यावर ओतलं की मात्र ती अडचण, आणि तीही तांत्रिक. जणू ती आभाळातून पडली.

एक बाई पुढं आल्या. हातात रिकामी कळशी. त्यांनी मालकांची गाडी सोडून या गृहस्थांना धरलं, कारण ते खाली उतरून चिखलात उभे होते.

"कम्प्युटर तुमचाय ना, दादा?"

"माझाय."

"मग आठ दिवस लेकरांना आंघोळ त्या कम्प्युटरनं घालायची का? प्यायला काय देऊ, तेबी सांगा. तुमचं बटन देऊ का चोखायला?"

मी वाट बघत होतो. आता "आपण" येणार, "हुजूर" येणार, माणूस पेटणार. काहीच आलं नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले. एकामागून एक बाया येत होत्या, बोलत होत्या, आणि ते चपलेत चिखल घेऊन नुसते उभे. शेवटी म्हणाले, "टँकरचं बघतो," आणि बघितलं. दुपारपर्यंत तीन ठिकाणी भांडून त्यांनी दोन टँकर आणले. मालक तोवर घरी जाऊन जेवले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि मोठ्या मनानं शरण गेले. "तुमचंच बरोबर होतं. जुनंच राहू द्या. काही बदलायचं नाही."

मला वाटलं, आता हा माणूस ऑफिसात पेढे वाटणार. त्यांनी टेबलावर अशी मूठ मारली की मॅडमची पेनं खाली पडली.

"माझं बरोबर असतं तर पाणी वाहिलं असतं का? घाई आपण केलीत, कबूल. पण त्यानं हात पाचव्या जागी कुणाच्या सांगण्यावरून घातला?"

मॅडम पेनं गोळा करत म्हणाल्या, "जुनं ठेवलं तर नव्या चिपवर पंप उशिरा बंद होणार. दर वेळेला थोडं थोडं वाहणार. ओरडायला कुणी येणार नाही इतकं थोडं."

"मग ठरवा," मालक म्हणाले. "तुमची लायब्ररी, तुम्ही म्हणाल ते. जुन्या चिपांचा साठा उन्हाळ्याआधी संपतोय." आणि नेहमीसारखे निघून गेले.

गृहस्थ काही ठरवेनात. मग एक दिवस माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि म्हणाले, "चल." जे जे कारागीर त्यांना आठवले, त्यांच्याकडं आम्ही गेलो. प्रत्येक ठिकाणी हा माणूस भांडायच्या आवाजात माफी मागायचा. "हे बघ, मी गाढवपणा केला, तू ऐकलास तो दुसरा गाढव. आता विचारायला शीक." कुणी हसलं, कुणी चहा पाजला, सगळे शिकायला बसले. चितेगाव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

पैठण रोडवर त्या कारागिराचं पत्र्याचं शेड. घरची शेती भावांकडं, हा मोटारी आणि पॅनेलं करायचा. आम्हाला बघून तो उठला नाही.

"या काका. त्या कालनीतले लोक हितवर आले व्हते माझ्या अंगावर. तुमच्या हापिसात नाय गेले, हितं आले."

"कळलं मला."

"पाचव्या जागी पाणी, म्हनले व्हते का नाय तुम्ही?"

"म्हणालो होतो."

"जन्मात हलनार नाय, म्हनले का नाय?"

"म्हणालो."

"मंग हलली कामून?"

"मालकांनी हलवली."

"म्या मालकाला वळखत नाय. म्या तुमचा फोन उचलतो."

मी मध्ये पडायला गेलो तर ते मला म्हणाले, "तू गप." मग त्याच्याकडं वळून म्हणाले, "आता ती मीच हलवणार आहे."

तो बघतच राहिला. "म्हंजी पानी वाहिलं तरी?"

"वाहिलं म्हणूनच."

"मंग आता कितव्या जागी, ते सांगा अन् निघा."

"ते सांगणार नाही. सांगितलं की तू मोजशील. तिला विचारायचं. आज एका जागी असेल, पुढच्या चिपला दुसऱ्या."

"म्हंजी ही बी हलनार?"

"हलणार."

"अन् त्याच्यापुढची?"

"तीपण."

त्यानं हातातला पाना पत्र्यावर भिरकावला. शेडमध्ये आवाज घुमला. "मंग शब्द दिला कशाला व्हता? म्या लोकायला सांगत फिरलो, काकांचा शब्द हाय म्हनून. शब्द असा असतो व्हय?"

"दिला तेव्हा खोटा नव्हता."

"अन् आता?"

"आता परत न्यायला आलोय."

मला वाटलं हा आता आम्हाला हाकलणार, आणि खरं सांगायचं तर त्याचा तो हक्कच होता.

मग त्यानं पायानं एक स्टूल आमच्याकडं ढकललं. "बसा. शिकवा काय ते. पन चहा नाय मिळनार."

आमच्या भागात दारी आलेल्याला चहा न देणं ही काय शिक्षा आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. गृहस्थांनी ती मुकाट्यानं घेतली. ऊन कलेपर्यंत दोघं एकमेकांवर ओरडत होते. तो चुकला की हे ओरडायचे, यांनी भराभर सांगितलं की तो ओरडायचा. शेवटी त्याचं पॅनेल विचारायला लागलं, आणि त्यानं आमच्याकडं न बघताच दिवा मालवून शेडला कुलूप घातलं.

रस्त्यावर येऊन त्यांनी मॅडमना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो, आणि मॅडमचा आवाज टँकरच्या भोंग्यासारखा, त्यामुळं दोन्ही बाजू ऐकल्या.

"सगळ्यांना सांगून झालं, सर?"

"जे आठवले त्यांना."

"आणि न आठवलेले?"

त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. कुठल्या तरी टाकीखाली कुणी तरी कळशी घेऊन उभं असणार, हे त्या शिरेत लिहिलेलं होतं.

"सर, एक करता येईल," मॅडम म्हणाल्या. "जागांबरोबर लायब्ररीचं नावही बदलू. जुन्या पद्धतीचा प्रोग्राम तिला जोडलाच जाणार नाही. पॅनेल सुरूच होणार नाही, म्हणजे पाणी वाहायचा प्रश्न नाही. कारागीर अडकेल आणि फोन करेल."

"अडकेल म्हणजे? ऐन उन्हाळ्यात?"

"हो. चिडेल. शिव्या देईल."

"कुणाला?"

"तुम्हालाच. शब्द तुमचा होता."

"मग बदला," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या उन्हाळ्यात फोन आले. न आठवलेले सगळे आठवले. एकदा मी त्यांच्या टेबलापाशी होतो. पलीकडून कुणी तरी इतक्या जोरात बोलत होता की त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचलेलं मला तीन हातांवरून ऐकू येत होतं. माझं डोकं फिरलं. कोण कुठला माणूस, आणि काय हे बोलणं. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी तो छातीशी धरला आणि माझा हात बाजूला सारला.

"थांब," ते हळूच म्हणाले, "त्याचं अजून झालेलं नाही."